साडेसात कोयते

सुजाता,

तुझ्या जलदानविधीला दिंद्रुडला आले होते. तुझ्या भावानं माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ताईच्या शाळेतून तुम्हीच आलात, दोन शब्द बोला. तुला माहीत आहे, वर्गात मी तासभर श्वास न घेता बोलते, पण माईक हातात आला की माझी बोबडी वळते. समोर तुझा फोटो, त्याला पांढरी फुलं, खाली मेणबत्त्या, भन्तेजी बसलेले, मांडवात सगळे माझ्याकडं बघतायत, आणि माझ्या डोक्यात काय यावं तर लसावि. खरंच सांगते. "सुजाता बाई लसावि फार छान शिकवायच्या" हे वाक्य ओठांवर आलं आणि मी माईक परत दिला. लोकांना वाटलं, बाईंना रडू आवरेना. रडू येतच होतं. पण ते वाक्य बोलायचं नाही म्हणून मी गप्प बसले, हे खरं कारण.

तिथं बोलले नाही ते आता लिहिते आहे. शिवाय तुला वर्षाचं सांगायचंय. तिची दहावी व्हावी म्हणून तू जीव टाकत होतीस, आणि तू गेल्यावर तिचं काय झालं हे तुला सांगणारं माझ्याशिवाय कुणी नाही. पण ते लगेच सांगवत नाही. तू अंदाज केला असशीलच. तुझे अंदाज बरोबर यायचे, हीच तर तुझी वाईट खोड होती.

आधी भांडणाचं बोलू. आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलीस याचा मला राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. एकाच शाळेत दोघी गणिताच्या, मी अ तुकडीला, तू ब तुकडीला, आणि समीकरणात अपूर्णांक आला की काय करायचं यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. आमचे हे म्हणायचे, सासूसुनांचं भांडण समजतं, जावाजावांचं समजतं, पण दोन बायका छेदावरून भांडतात हे कुठं ऐकलं नव्हतं.

तुझं म्हणणं असं, की एक्स छेद दोन, एक्स छेद तीन असं काही दिसलं की पोरांनी आधी सगळ्या छेदांचा लसावि काढायचा, दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला त्यानं गुणायचं आणि पहिल्याच ओळीत छेद घालवून टाकायचे. उरतं ते साधं समीकरण, ते कुणालाही येतं. माझं म्हणणं असं, की ही पळवाट आहे. अपूर्णांक आला तर त्याच्याकडं नीट बघावं, त्याची बेरीज-वजाबाकी करावी, त्याला सोबत घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत जावं. छेद दिसला की हाकलून द्यायचा असं शिकवलं तर पोरगं जन्मभर अपूर्णांकाला भीतच राहणार. यावर तुझं ठरलेलं उत्तर होतं. "अलके, तुझ्या पोरांकडं वेळ हाय. माझ्या पोरांची गाडी दिवाळीला येती."

अ तुकडीत गावातल्या दुकानदारांची, नोकरीवाल्यांची पोरं आणि ब तुकडीत ज्यांचे आईबाप ऊस तोडायला जातात त्यांची. तुकड्या अशा कुणी पाडल्या नव्हत्या, आपोआप पडल्या होत्या. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, वेळ नाही म्हणून कमी शिकवायचं हे मला पटत नाही. तू म्हणाली असतीस, कमी कुठं, पुरतंच शिकवते, फक्त लवकर शिकवते. मग मी म्हणाले असते, लवकर आणि पुरतं या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत. मग तू डब्यातली लसणाची चटणी माझ्या पोळीवर टाकून म्हणाली असतीस, गप खा. हल्ली मी दोन्हीकडचं एकटीच बोलते. परवा सासूबाईंनी विचारलं, कुणाशी बोलतीस गं? मी सांगितलं, फोनवर.

एक गोष्ट मात्र तू शोधून काढलीस आणि तिच्यापुढं मला हार मानावी लागली. आपण सगळे म्हणायचो, ब तुकडीची पोरं अपूर्णांकात ढ आहेत. 'एक्स अधिक पाच बरोबर बारा' पटकन सोडवतात आणि एक्सच्या खाली तीन आला की पेन खाली ठेवतात. डोकं चालत नाही, असं म्हणून आपण मोकळे व्हायचो. तू एकदा शांतपणे विचारलंस, की पाचवीपासून अपूर्णांकाचा धडा आपण कधी घेतो? दिवाळीनंतर. आणि ही पोरं दिवाळीनंतर कुठं असतात? कारखान्यावर. पाचवीत नव्हती, सहावीत नव्हती, सातवीत नव्हती. पाडव्याच्या पुढं-मागं परत येतात तोवर परीक्षाच आलेली असते. म्हणजे ज्यांना आपण ढ म्हणत होतो त्यांनी तो धडा कधी ऐकलेलाच नव्हता. पुढच्या जूनमध्ये तू पहिल्याच आठवड्यात अपूर्णांक काढलेस, आणि मुख्याध्यापक नियोजन दाखवायला लागले तेव्हा म्हणालीस, "सर, तुमी दिवाळी पुढं ढकला, मी अपूर्णांक मागं ढकलते."

तुझ्या वर्गाशेजारीच माझा वर्ग. तुझा आवाज भिंतीतून यायचा. पोरांची एक चूक हमखास व्हायची. 'एक्स छेद दोन अधिक तीन' असेल आणि सहानं गुणायचं असेल, तर एक्सला गुणायची आणि तीनाला तसंच ठेवायची. तू विचारायचीस, "तीनाला कावून सोडलं रे?" पोरगं म्हणायचं, "बाई, त्याच्या खाली काहीच न्हाई." मग तुझा आवाज चढायचा. ज्याच्या खाली काही दिसत नाही त्याच्या खाली एक असतो. दिसत नाही, पण असतो. त्यालाही तेवढंच मिळालं पाहिजे जेवढं बाकीच्यांना मिळालं. आणि तू प्रत्येक सुट्या आकड्याखाली रेघ मारून एक लिहायला लावायचीस. मला तो शाईचा अपव्यय वाटायचा. एका आकड्यासाठी एवढं काय तापायचं, असं मी तुला एकदा शाळा सुटल्यावर विचारलं. तू चालता चालता सांगितलंस, की लहानपणी आजोळी गावजेवण होतं, वडील तुला घेऊन गेले होते, ताटं समोर होती, आणि वाढपी तुमच्या ओळीच्या अलीकडूनच वळला. थोडा वेळ वडील तसेच बसले, मग ताट घेऊन उठले. तू म्हणालीस, "पोरांना मी ह्ये सांगत न्हाई, सांगायचंबी न्हाई. पर तीनाला कुणी सोडलं की मला त्यो वाढपी दिसतो." घर येईपर्यंत आपण मग भाज्यांचं बोललो.

आणि वर्षा. आठवीच्या चाचणीत ती आपल्या दोघींच्या मध्ये आली. तुझ्या तुकडीचे पेपर मी तपासायचे, माझ्या तुकडीचे तू, अशी पद्धत होती. प्रश्न मीच काढला होता. बागेत काही मजूर कामाला आहेत, त्यांतले एक तृतीयांश खुरपणीला, दोन पंचमांश फळं तोडायला, आणि उरलेले चार जण पाणी द्यायला, तर एकूण मजूर किती? उत्तर पंधरा. वर्षानं साडेसात काढलं होतं. मी लाल गोल करून शून्य दिला आणि बाजूला लिहिलं, 'मजूर अर्धा कसा?' तू तो पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आलीस ती तडतडतच, आणि सोबत त्या पोरीला घेऊन. काडीसारखी पोरगी, दोन घट्ट वेण्या, नजर खाली. तू म्हणालीस, सांग बाईंना.

"चार जण म्हंजी दोन कोयते," ती म्हणाली. "मग समदंच कोयत्यात धरलं. साडेसात कोयते. सात जोड्या आन् एक एकटी."

ऊसतोडीच्या टोळीत माणसं अशीच मोजतात, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता आणि एकट्या माणसाचा अर्धा. हे मला काय माहीत नव्हतं? जिल्ह्यात राहणाऱ्या कुणाला माहीत नसतं? पण पेपर तपासताना सुचलं नाही. मी तिचं समीकरण पुन्हा बघितलं. चाराच्या जागी तिनं दोन घेतले होते, पंधरा हा लसावि बरोबर काढला होता, सगळ्या पदांना गुणलं होतं, आणि तो सुटा दोनसुद्धा सोडला नव्हता, त्याचे तीस केले होते. चार एक्स बरोबर तीस. एका ओळीत चूक नव्हती. साडेसात कोयते म्हणजे पंधराच माणसं.

तू म्हणालीस, पूर्ण गुण दे. मी म्हणाले, प्रश्न मजूर विचारतो, उत्तर मजुरातच पाहिजे. तू म्हणालीस, उत्तर बरोबर आहे. मी म्हणाले, बरोबर असून काय करायचं, बोर्डाच्या परीक्षेत पेपर तपासणारा कुठला कोण, त्याला कोयता ठाऊक नसला तर? तू म्हणालीस, मग त्याला शिकवायला पाहिजे. मुख्याध्यापकांनी अर्धे गुण देऊन मिटवलं आणि आपण दोघी त्यांच्यावरच चिडलो. मी अजूनही म्हणते की शेवटी 'म्हणून मजूर पंधरा' ही एक ओळ लिहायला हवी होती. त्या एका ओळीसाठी बाहेरचं जग या पोरींना नापास करतं. ते जग चांगलं आहे असं मी कधी म्हणाले नाही. तू मात्र दरवेळी मलाच ते जग समजून भांडायचीस.

पण एक प्रश्न फक्त तुला सुचला. ती पेपर घेऊन निघाली होती, तेव्हा तू सहज विचारलंस, ती एकटी कोण गं? ती म्हणाली, "माझी आई."

वर्षाचे वडील ती लहान असतानाच गेले होते. एकटीचा अर्धा कोयता न्यायला मुकादम कुरकुरतो, म्हणून कौसाबाई, तिची आई, आपल्या भावाच्या टोळीत जायची आणि भावाच्या पोराबरोबर जोडी लावून तोडायची. आत्या आणि भाचा मिळून एक कोयता. आठवीपर्यंत वर्षा हंगामी वसतिगृहात राहिली. नववीपासून ती सोय नव्हती. वयात आलेली पोरगी गावात एकटी ठेवायची नाही आणि उसाच्या फडातही न्यायची नाही, तर ठेवायची कुठं? तू कौसाबाईला म्हणालीस, माझ्याकडं ठेवा. एवढं सोपं करून टाकलंस.

तुझ्या त्या भाड्याच्या दोन खोल्या. फरशीवर खडूनं समीकरणं लिहिलेली असायची. चपला काढून, समीकरण ओलांडून मगच आत यावं लागायचं, आणि माझा पाय पडला तर दोघी एकदम ओरडायच्या. तू भाकरी थापायचीस आणि तिच्याकडं न बघता सांगायचीस, चिन्ह बघ. तिची आई संध्याकाळी कारखान्यावरून फोन करायची. वारा एवढा, की निम्मं ऐकूच यायचं नाही. जेवलीस का, एवढंच ती दरवेळी विचारायची. ही पण 'जेवले' एवढंच सांगायची. तू एकदा म्हणालीस, "मला लेकरूबाळ नगंच व्हतं अलके, आन् आता ही झोपली का म्हणून बघाय उठती मी." मी तुला चिडवलं होतं, म्हातारपणाची काठी शोधलीस म्हणून. तू म्हणालीस, म्हातारी व्हायचा माझा इचार न्हाई. असल्या गोष्टी माणूस हसत बोलून जातो.

यंदाच्या उन्हाळ्यात कौसाबाईची कंबर गेली. वाकता येईना, मोळी डोक्यावर घेता येईना. म्हणजे भाच्याचा कोयता अर्धा राहिला. आणि घरात वर्षा, सोळा वर्षांची, धडधाकट. मामा म्हणाला, पोरगी येऊ द्या. आता वयात आलेली पोरगी मामेभावाबरोबर एका कोपीत, पाचटाच्या झोपडीत, अशीच कशी राहणार? मग लग्न लावून द्या. सगळं कसं सरळ, एका ओळीतून दुसरी ओळ. तू कौसाबाईकडं गेलीस, मामाकडं गेलीस, मुकादमाच्या दारातसुद्धा गेलीस. शेवटी कौसाबाईकडून शब्द घेतलास, दहावी होईपर्यंत नाही. त्या दिवशी तू शाळेत आलीस ती पेढे घेऊन. मी म्हणाले, शब्द तर शब्द, त्यावर पेढे कसले? तू म्हणालीस, कौसाबाईचा शब्द हाय. आणि कौसाबाईनं तो पाळला असता याबद्दल मला शंका नाही. पण शब्द तिनं तुला दिला होता.

पितृपक्षात तुला ताप आला. तू दोन दिवस तापातच शाळेत आलीस, नाहीतर तुला कोण सांगणार. मग डेंग्यू, मग बीडचा दवाखाना, मग अ‍ॅम्ब्युलन्सनं संभाजीनगर. मी नारायणगडाला नारळ बोलले होते. तुला शुद्धीवर असताना सांगितलं असतं तर तू हसली असतीस आणि विचारलं असतंस, माझ्यासाठी तुझ्या देवाला कामाला लावताना मला विचारलंस का? नारळ अजून घरात कोनाड्यात पडून आहे. वाढवायचा कशासाठी आणि टाकायचा तरी कुठं, ते मला समजत नाही.

अतिदक्षता विभागात मला एकदाच सोडलं. तोंडावर मास्क, हाताला सुया, बोटं सुजलेली. मी हाक मारली तेव्हा तू डोळे उघडलेस. तुझं बोट चादरीवर हललं, एकदा, मग पुन्हा. तू काहीतरी सांगत होतीस आणि मी धरून चालले की ते वर्षाबद्दल आहे. वाकून म्हणाले, मी बघते तिचं, तू काळजी करू नकोस. तू डोळे मिटलेस. सिस्टर म्हणाल्या, चला बाई. आता रोज मनात येतं, की तू पाणी मागत होतीस का? पायावरची चादर सरकली म्हणत होतीस का? आणि मी तुला पाणी न देता वचन देऊन बाहेर आले. मला हे कधीच कळणार नाही.

पण वचन दिलं होतं. तुझ्या खोल्या मालकानं रिकाम्या करून घेतल्या, सामान तुझा भाऊ दिंद्रुडला घेऊन गेला, वर्षा आईकडं परत गेली. मी त्याच आठवड्यात कौसाबाईकडं गेले. घरी आधी सगळ्यांशी बोलले होते. सासूबाई कधी नव्हे ते लगेच हो म्हणाल्या. मी कौसाबाईला म्हटलं, वर्षाला माझ्याकडं ठेवा. फक्त मार्चपर्यंत. खोली आहे, मी आहे, अभ्यास मी घेईन. ती भिंतीला टेकून बसली होती, कमरेला फडकं गुंडाळलेलं. तिनं वर्षाला चहा टाकायला सांगितलं.

"तुमी चांगल्या हायेत बाई," ती म्हणाली. "सुजाता बाई तुमचं लई नाव काढायच्या. पर तुमच्या घरात तीन बाप्ये हायेत."

माझा नवरा, माझा दीर, माझा कॉलेजात जाणारा मुलगा. मी म्हणाले, अहो, ती माझी माणसं आहेत. ती म्हणाली, "तुमची हायेत. माझी न्हाईत. सुजाता बाईच्या घरात बाईच व्हती."

ती माझ्या माणसांना वाईट म्हणत नव्हती. तिनं फडातली कोपी बघितली होती, रात्री दाराऐवजी लावलेलं पोतं बघितलं होतं, आणि पोरगी जपायचा तिला माहीत असलेला एकच उपाय ती सांगत होती. तुझ्यावर तिनं विश्वास ठेवला तो तू गणित शिकवतेस म्हणून नव्हे. तू एकटी होतीस म्हणून. ज्या गोष्टीवरून गाव तुला टोचून बोलायचं, तिच्याच आधारावर ती पोरगी नववी पास झाली. हे मला तेव्हा त्या ओट्यावर कळलं आणि तुला सांगायला तू नव्हतीस.

मी म्हटलं, मग लग्न तरी थांबवा, अठरा होऊ द्या. ती म्हणाली, "बाई असत्या तर थांबले असते." वर्षानं चहा आणून ठेवला. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मग मी फोन केला. अशा लग्नांसाठी जिथं कळवायचं असतं तिथं. माणसं आली, नियमाप्रमाणं समजावून सांगितलं, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून घेतलं, त्यावर कौसाबाईचा अंगठा घेतला आणि गेली. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. ती माणसं दारात पहारा ठेवणार होती थोडीच. दिवाळीच्या आधी मामाच्या वस्तीवर, घरातल्या घरात, हळद लावून लग्न लागलं. मला कुणी सांगितलं नाही. तू गेल्यावर ब तुकडी माझ्याकडं आली, तिथं मी हजेरी घेताना एका पोरीनं सांगितलं. मी "वर्षा" म्हणाले आणि ती म्हणाली, "बाई, तिचं झालं."

सुजाता, मला माहीत आहे तू काय केलं असतंस. तू त्या वस्तीवर गेली असतीस, दारात बसली असतीस, उठली नसतीस. मी गेले तेव्हा हळदीची पातेली घासून उपडी घातलेली होती. मी तू नाही. हे मी स्वतःला दोष देण्यासाठी लिहीत नाही, मला जे येतं ते सगळं मी केलं. फक्त मला जे येतं ते पुरलं नाही, आणि जिचं पुरलं असतं ती तापानं गेली. यातून काही शिकायचं असतं का? लोक म्हणतात, बाईंचं काम पुढं चालवा. शोकसभेत संस्थेचे अध्यक्षही तेच म्हणाले. काय चालवायचं? तू एकटी राहत होतीस, ते मी चालवू? ब तुकडी आता माझ्याकडंच आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी वर्गात गेले तर निम्मे बाक रिकामे. उरलेल्या पोरांना मी समीकरणं शिकवते. माझ्या पद्धतीनं की तुझ्या, हे तुला सांगणार नाही. त्यावर बोलायचं असेल तर तुला यावं लागेल.

गाडी निघायच्या दिवशी मी गेले होते. ट्रकमध्ये आधीच संसार भरलेला, पातेली, गोणपाट, ताडपत्री, पाय बांधलेल्या कोंबड्या, मध्येच एक खाट आणि खाटेवर कौसाबाई. स्वयंपाकापुरती ती पण निघाली होती. तिनं मला बघून हात जोडले. मीही जोडले. मला राग आणायचा होता, आला नाही.

वर्षा खाली उभी होती. हिरव्या बांगड्या, गळ्यात काळे मणी, आणि पायात तू घेऊन दिलेल्या शाळेच्या चपला. मी काय बोलायचं ठरवून गेले होते ते सगळं विसरले. तब्येतीला जप म्हणाले. पाणी उकळून पी म्हणाले. ती मान हलवत राहिली. मग तिनं विचारलं, "बाई, बोर्डाचा फॉर्म भरलाय न्हवं माझा?"

मी म्हटलं, भरलाय. खरंच भरला होता, लग्नाचं कळल्यावरही.

"गणिताचा पेपर कवा हाय?"

"मार्चात."

"मग मी येती पेपराला."

मार्चात ऊस उभा असतो. मार्चात कारखाना चालू असतो आणि मुकादम कुणाला सोडत नाही, लग्नकार्याला नाही की मयतीला नाही. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं तसं म्हटलं, आणि मी म्हटलं, ये.

वरून तिच्या नवऱ्यानं हात दिला. तो धरून ती चढली.